नापासांचा वर्ग

मॅट्रिकच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो आणि दोन्ही वेळा इंग्रजीतच झालो. बाकीच्या विषयांनी मला फारसा त्रास दिला नाही. शिकलो तळेगावच्या इंग्रजी शाळेत, वराळ्याला मामाच्या घरी राहून. मामाचं घर सुटलं, शाळा सुटली, पण मॅट्रिक काही सुटेना. पहिल्या वेळी आबा, म्हणजे माझे वडील, "व्हतंय" एवढंच म्हणाले आणि नांगराकडे वळले. दुसऱ्या वेळी माझं लग्न झालेलं होतं, घरात सहा महिन्यांची मुलगी होती, आणि आबा काहीच म्हणाले नाहीत, ते जास्त वाईट होतं. आमच्या भुशीत मॅट्रिक नापास असा मी एकटाच. बाकीच्यांची मजल नापास होण्यापर्यंतही गेलेली नव्हती. त्यामुळे माझं निवृत्ती हे नाव मागे पडलं आणि सगळं गाव मला 'मॅट्रिक' म्हणू लागलं. "मॅट्रिक, तुजा बैल सुटलाय", "मॅट्रिक, जरा हात लाव हिकडं." मला त्याचं फार वाटत नसे. पण माझ्या बायकोला, हौसाला, पाणवठ्यावर बाया 'मॅट्रिकीण' म्हणायच्या, आणि ती हंडा असा आपटून ठेवायची की घरात सगळ्यांना कळायचं, आज पुन्हा कोणीतरी म्हणालं.

आता ऐंशीच्या घरात आल्यावर मी हे हसत लिहितो आहे. तेव्हा हसू येत नव्हतं. मॅट्रिक ही तेव्हा युनिव्हर्सिटीचीच परीक्षा. ती पास झाला तर कॉलेजचं दार उघडतं, नाही तर लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, म्हणून लागायचं, कोळशाऐवजी आता विजेच्या इंजिनांचं ग्रीस अंगाला फासून घ्यायचं, हे ठरलेलं. आबांनी मला एक शेवटचं वर्ष दिलं होतं. तेही आईनं भाकरी थापता थापता त्यांच्याकडून वदवून घेतलेलं.

त्या उन्हाळ्यात पुण्याच्या कॉलेजातली तीन पोरं वळकट्या घेऊन लोणावळ्याला उतरली. त्यांनी एक मंडळ काढलं होतं. मावळातल्या मुलांना सुट्टीत फुकट शिकवायचं, मॅट्रिकला बसवायचं आणि कॉलेजच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं, असा त्यांचा बेत. मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. शेठनं मोटार घेतल्यापासून त्याचा घोड्यांचा तबेला रिकामा पडला होता, तो माळ्यानं परस्पर या पोरांना दिला. तिथे आमचा वर्ग सुरू झाला. आम्ही नऊ जण होतो, सगळे मॅट्रिकला एकदा तरी आपटलेले, आणि घोडा नसला तरी त्याचा वास होता. हवा दमट झाली की तो वास असा उठायचा की भूमितीचा सिद्धांत म्हटलं की आजही मला आधी घोडा आठवतो. नऊ जणांत मी वयानं सगळ्यात मोठा. मला मिशी होती, मास्तरांपैकी एकालाही नव्हती.

फी नव्हती, पण मास्तरांना जेवायला लागायचं. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवतात, रोज एका घरी, हे आम्ही ऐकून होतो. इथे उलटं झालं. विद्यार्थी आपापल्या घरी आणि मास्तर वारानं जेवणारे. आमच्या घराचा वार बुधवार. लोणावळ्याहून भुशी म्हणजे तासाभराची पायवाट. बाकीचे दोन मास्तर एकदा आले आणि पायाला फोड आले म्हणून पुन्हा आले नाहीत. येत राहिले ते एकटे नेने सर.

नेने सर एकोणीस वर्षांचे होते. मान लांब, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, डोक्यावर काळी टोपी. मी त्यांना सर म्हणायचो आणि ते मला 'निवृत्तीराव, अहो' म्हणायचे. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन ते जेवायचे आणि ती त्यांचा चष्मा ओढायची. पहिल्या बुधवारी आईनं त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडून वालाची भाजी, आंबेमोहोराचा भात आणि घट्ट दही केलं. सर जेवले, पण त्यांचं लक्ष दुसऱ्या चुलीकडे. "तो वास कसला येतोय हो?" त्यांनी विचारलं. तो वास खेकड्याच्या रश्श्याचा होता. आईनं आबांकडे पाहिलं, आबांनी आढ्याकडे पाहिलं. त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली, पण चौथ्या बुधवारी सरांनी वाटी पुढे केली, आणि त्यानंतर आमच्या घरात दुसरी चूल पेटली नाही. खेकड्याचे नांगे दाताखाली फोडून आतलं ओढून घ्यायचं त्यांना आबांनी शिकवलं. ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही एवढं ठरलं.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा मात्र न्यारी होती. मी इंग्रजीत अडायचो ते इनडायरेक्ट स्पीचला. कोण काय म्हणालं ते दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं, ते मला जमायचं नाही. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, भुशीत काल काय भांडण झालं? मग मी सांगायचो, गणू म्हणाला, तू बांध सरकवलास. किसन म्हणाला, तुझ्या बापानं सरकवला होता. सर म्हणायचे, आता हेच इंग्रजीत, आणि तुम्ही तिथे उभे होतात असं सांगा. गावातल्या यच्चयावत चहाड्या त्या तबेल्यात इंग्रजीत झाल्या. दोन महिन्यांत मला असं काही वळण पडलं की आई काही बोलली की मनात आपोआप 'शी सेड दॅट' सुरू व्हायचं.

सुट्टी संपली. बाकीचे दोन मास्तर वळकट्या बांधून पुण्याला गेले. नेने सर राहिले. कॉलेज उघडलं तरी ते राहिले. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, तुमचं अर्धवट टाकून मी कसा जाऊ? आम्ही सगळे भारावून गेलो. आपल्यासाठी एक माणूस स्वतःचं कॉलेज सोडतो म्हणजे काय! आम्ही एका रविवारी तबेल्यात त्यांचा सत्कार केला. नारळ दिला, झेंडूचा हार घातला, आणि शिंप्याच्या मुलानं त्यागावर भाषण केलं. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आम्हाला वाटलं, केवढी ही नम्रता.

मग आवणी आली. गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायची आणि तोंडानं इंग्रजी क्रियापदांची रूपं घोकायची, असं माझं चाललं होतं. शेजारच्या ओळीत हौसा लावत असायची. मी 'गो'नंतर अडलो की ती कंबर सरळ करून 'वेंट' म्हणायची आणि पुन्हा लावायला लागायची. तिला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, पण मी कुठे अडतो ते ठाऊक होतं.

तो बुधवार आवणीतलाच. दिवसभर पाऊस आणि वारा. दुपारी आम्ही सगळे शेतावरून येऊन, अंग पुसून जेवायला बसलो होतो. सरही भिजत आले होते. रस्सा झणझणीत झाला होता आणि सर एका मोठ्या नांग्याशी झटत होते. तेवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं. पागोटं घातलेले, उलट्या झालेल्या छत्रीचा सांगाडा हातात धरलेले, नखशिखांत निथळणारे एक साठीचे गृहस्थ. चेहरा लांब, मानही लांब. कोणी ओळख करून द्यायची गरज पडली नाही.

"अण्णा," सर म्हणाले आणि नांगा तोंडातच राहिला.

अण्णा नेने पुण्यातल्या एका शाळेत तीस वर्षं संस्कृत आणि इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि फक्त म्हणाले, "हात धू." सर हात धुवायला पागोळीखाली गेले ते बराच वेळ धूतच राहिले.

पाहुणा थंडीनं कुडकुडत होता. आबांनी आपलं धुवट धोतर काढून दिलं, वरून घोंगडी दिली. ब्राह्मणाला आपल्या घरचं काय चालेल या विचारानं आई घाबरली होती, तिनं गरम दूध पुढे केलं. अण्णांनी क्षणभर पेल्याकडे पाहिलं आणि ते पिऊन टाकलं. आमच्या धोतरा-घोंगडीत ते थेट आमच्या चुलत आजोबांसारखे दिसायला लागले. मला वाटतं, त्यामुळेच पुढचं बोलणं सोपं झालं.

त्यांनी सगळं सांगितलं. सर इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, परीक्षेला बसले होते. निकाल वर्तमानपत्रात आकड्यांनी छापून येतो. सरांनी वडिलांना स्वतःचा आकडा सांगितलाच नाही, शेजारी बसणाऱ्या एका हुशार मुलाचा सांगितला. तो आकडा पहिल्या वर्गात छापून आला. अण्णांनी आळीत पेढे वाटले. मुलगा मावळात सेवा करतो आहे म्हणून सगळ्यांनी त्यांचं अभिनंदनही केलं. शेवटी पुढच्या वर्गात नाव का घातलं नाही म्हणून ते स्वतःच कॉलेजच्या कचेरीत गेले, तेव्हा कारकुनानं वही उघडून दाखवली. सर लॉजिकमध्ये, म्हणजे तर्कशास्त्रात, नापास झाले होते. नापास होण्यापेक्षा त्या पेढ्यांचंच अण्णांना जास्त लागलं असावं, कारण किती शेर वाटले ते त्यांनी दोनदा सांगितलं.

आम्हाला राग यायला हवा होता. सत्कार केला होता, हार घातला होता. पण खरं सांगायचं तर मला एकदम हलकं वाटलं. चष्मा असलेला, टोपी घालणारा, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारा पुण्याचा माणूसही नापास होतो, हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. मी मान खाली घालून भात कालवत होतो, कारण वर पाहिलं असतं तर हसू आलं असतं.

"नापास मुलगा तुमच्या मुलाला काय शिकवणार?" अण्णा आबांना म्हणाले. "तुमचीही फसवणूक झाली. मी क्षमा मागतो."

आबांनी चिलीम खाली ठेवली. "आमचं पोरगं दोनदा नापास झालंय," ते म्हणाले. "तुमचं येकदाच. म्हंजी तुमचं पुडंच हाय की."

अण्णांना हा माणूस थट्टा करतोय की धीर देतोय ते कळेना. आबांनाही ते नक्की ठाऊक नसावं. मग अण्णा माझ्याकडे वळले. शिक्षकच ते. काही सुचेनासं झालं की समोरच्या मुलाला प्रश्न विचारायचा, ही त्यांची तीस वर्षांची सवय. "काय शिकवलं यानं तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, इनडायरेक्ट स्पीच. ते म्हणाले, "मग कर. मुलगा बापाला म्हणाला, मी पास झालो आहे."

सर दारात ओले हात घेऊन उभे होते. माझ्या हातावर रस्सा वाळत होता. परीक्षेत प्रश्नपत्रिकेसमोर मी दोन वर्षं गार पडलो होतो, पण हा प्रश्न तर मला भुशीतल्या कोणत्याही चहाडीसारखाच वाटला. मी म्हणालो, "द बॉय टोल्ड हिज फादर दॅट ही हॅड पास्ड."

"आणि मुलगा खोटं बोलत असेल तर?"

"तरी वाक्य हेच राहतं, साहेब. कोण काय म्हणालं तेवढंच व्याकरण सांगतं. खरं की खोटं ते ऐकणाऱ्यानं बघायचं."

अण्णांनी चष्मा काढला आणि आबांच्या धोतराच्या सोग्यानं तो बराच वेळ पुसला. मग मुलाकडे न बघता विचारलं, "हे तू शिकवलंस?"

"हो."

"मग तुला काय धाड भरली होती?"

"इंग्रजीत मला बरे गुण आहेत, अण्णा. लॉजिक मला कळत नाही. सगळी माणसं मर्त्य आहेत इथपर्यंत कळतं. पुढचं कळत नाही."

अण्णा उठले. म्हणाले, चारच्या गाडीनं पुण्याला जायचं, वळकटी बांध. मला बोलायला हवं होतं, सर गेले तर माझंही वर्ष गेलं. पण मी ताटातला भात कालवतच राहिलो. आबा चिलमीकडे बघत होते. आणि आतल्या दाराशी, डोक्यावर पदर ओढून उभी असलेली हौसा बोलली. त्या घरात दोन वर्षांत ती परक्या पुरुषासमोर एक शब्द बोलली नव्हती. अण्णांशी ती थेट बोललीच नाही, आबांशी बोलली.

"मामंजी, पावण्यांस्नी म्हनावं, सरांना मार्चपातुर हितंच ऱ्हाऊ द्या. त्यांचं त्यांनी वाचावं, आमच्यांना शिकवावं. ह्ये तिसऱ्यांदा नापास झालं तर मला पानवठ्यावर तोंड दावाया जागा न्हाई. पावण्यांस्नी म्हनावं, त्यांनी पेढं तरी वाटलं. आमी तेबी न्हाई वाटलं अजून."

आबांनी हे सगळं पुन्हा जसंच्या तसं अण्णांना सांगितलं, जणू अण्णा शेजारच्या खोलीत होते. अण्णांनी ते दोनदा ऐकून घेतलं. बाहेर पाऊस कौलांवर बदडत होता आणि माझी मुलगी सरांचा सोडलेला नांगा घेऊन खेळत होती. शेवटी अण्णा खाली बसले. एकदा टर्म भरलेली असली की परीक्षेला पुन्हा नुसतं बसता येत असे, कॉलेजात हजेरी लावायला लागत नसे. ते म्हणाले, राहू दे. पण दर रविवारी मी येईन. याचं लॉजिक मी बघेन आणि यांचं इंग्रजीही.

ते आले. प्रत्येक रविवारी सकाळच्या गाडीनं, नवी छत्री घेऊन. आम्हाला वाटलं होतं की सर कडक आहेत. अण्णांच्या पुढे सर म्हणजे गाय. अण्णा तबेल्यात शिरले की घोड्याचा वाससुद्धा दबून जायचा. नऊ मॅट्रिकवाले आणि एक इंटरवाला असे दहा नापास एका ओळीत बसायचे, आणि सगळ्यात जास्त बोलणी शेवटचा खायचा. दुपारी ते घरून आणलेला डबा खायचे. बुधवारचा विषय मात्र पुन्हा कधी निघाला नाही, आणि बुधवार बंदही झाला नाही.

परीक्षेसाठी अण्णांनी मला पुण्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. बाहेरच्या ओटीवर माझं अंथरूण. जेवायलाही तिथेच वाढायचे, आणि जेवल्यावर ताट मीच घासून पालथं घालायचं. हे मला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिलं. आमच्या घरात त्यांनी आबांचं धोतर नेसलं होतं, हे मी मनात अनेकदा म्हणून पाहिलं. पण खोटं कशाला लिहू, त्या आठवड्यात मला इंग्रजीच्या पेपराचीच जास्त काळजी होती. दुसऱ्या दिवसापासून सर आपलं ताट घेऊन ओटीवर यायला लागले. आतून त्यांच्या आईचा आवाज यायचा. ते ऐकू न आल्यासारखं जेवायचे, आणि आम्ही दोघं भाताचा घास गिळता गिळता एकमेकांना प्रश्न विचारायचो.

मी तिसऱ्या वर्गात पास झालो. सर पुन्हा लॉजिकमध्ये नापास झाले. या वेळी त्यांनी आपलाच आकडा वडिलांना सांगितला होता, आणि अण्णांनी मला पत्रानं दोन्ही निकाल एकाच ओळीत कळवले. सर लोणावळ्यातच राहून आणखी दोनदा बसले, मग त्यांनी नाद सोडला. तिथेच रेल्वेच्या कचेरीत त्यांना कारकुनी मिळाली आणि संध्याकाळी तबेल्यातला वर्ग चालू राहिला. त्यांच्या हाताखालून किती मुलं कॉलेजात गेली ते मी मोजलेलं नाही. ते स्वतः इंटर पास झाले नाहीत, एवढं मात्र सांगतो, कारण हे ते स्वतः प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगायचे.

माझ्या निकालाच्या दिवशी आबांनी गूळ वाटला. गावानं मला निवृत्ती म्हणायला सुरुवात केली, ते मला काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. रात्रीच्या भाकरीला सगळे बसले तेव्हा आबांनी विचारलं, आता पुढं काय? मी म्हणालो, पुण्याला कॉलेज. किती दिस? मी म्हणालो, चार वर्षं. आबांना वाटलं होतं, मॅट्रिक म्हणजे संपलं. चुलीपाशी हौसा वाढत होती, ती वाढायची थांबली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या ट्रंकेत पोह्याची पुरचुंडी ठेवताना म्हणाली, "म्या मागितलं व्हतं खरं. पन येवढं न्हवतं मागितलं." मी ट्रंकेचं झाकण लावलं.

पुण्याहून मी तिला पत्र लिहायचो. तिला वाचता येत नव्हतं, आबांनाही नाही. बुधवारी जेवायला आलेले नेने सर ते वाचून दाखवायचे. वीस वर्षांचा अविवाहित माणूस, समोर आबा, आई, पदराआड हौसा, आणि हातात एका नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं पत्र. मी काही फार लिहीत नसे, पण जे लिहायचो ते त्यांना वाचवेना. मधल्या ओळी ते गाळायचे, आणि हौसाला ते कळायचं, कारण कागद भरलेला असायचा आणि वाचन लवकर संपायचं. असे तीन-चार बुधवार गेल्यावर सरांनी तबेल्यातल्या वर्गातली एक पाटी आणली आणि ती हौसापुढे सरकवली.

दिवाळीच्या थोडं आधी मला एक पोस्टकार्ड आलं. पत्ता सरांच्या अक्षरात होता. मागची बाजू जवळजवळ कोरी, आणि मधोमध पेन्सिलीनं, दाबून दाबून, रेघ सोडून वर चढत गेलेल्या अक्षरांत एवढंच लिहिलं होतं: 'आता पत्र मी वाचते. काय लिहायचं ते लिहा.'